हानि, माया, वाया: शेजारच्या भाषेतून आलेला शब्द कसा पकडायचा

एस्टोनियन भाषेत 'हानि' म्हणजे कलहंस, 'माया' म्हणजे घर आणि 'वाया' म्हणजे गरज. तिन्ही शब्द मराठीत जसेच्या तसे आहेत आणि अर्थाचा काडीचाही मेळ नाही. वहीच्या पहिल्या पानावर हे तीन शब्द लिहून ठेवा. पुढे कधी दोन भाषांतले सारखे दिसणारे शब्द पाहून 'सापडलं!' असं वाटलं, की हे पान उलटून पाहा. आता यातली गंमत. एस्टोनियन 'हानि'चा एक लांबचा नातेवाईक मराठीत खरंच आहे. पण तो 'हानी' नव्हे, 'हंस' आहे. हे कशावरून म्हणायचं, त्याचीच ही रीत.

सरावाला बाल्टिक समुद्राभोवतीच्या भाषा घेतल्यात, कारण तिथे चूक लगेच उघडी पडते. फिनिश, एस्टोनियन आणि लिव्होनियन या फिनिक शाखेच्या भाषा उरालिक कुळातल्या, हंगेरियनच्या नात्यातल्या. लिथुआनियन आणि लाटव्हियन या बाल्टिक भाषा इंडो-युरोपीय, म्हणजे संस्कृत-मराठीच्या नात्यातल्या. दोन वेगळी कुळं हजारो वर्षं एकमेकांना खेटून राहिली, वरून जर्मानिक आणि स्लाव भाषा येत गेल्या. नागपूरच्या माणसाला ही मांडणी नवी नाही: इथे मराठी-हिंदी एका कुळातल्या, गोंडी आणि तेलुगू दुसऱ्या, आणि वर फारसी-इंग्रजीचे थर. मात्र घरच्या भाषेत कान आधीच सवयीचा झालेला असतो, म्हणून हात आधी परक्या शब्दांवर बसवायचा आणि मग सीताबर्डीकडे वळायचं.

तक्ता मांडणं

सात रकाने लागतात: फिनिश शब्द, त्याचं षष्ठीचं रूप, एस्टोनियन, लाटव्हियन, लिथुआनियन, संस्कृत, आणि शेवटी रुंद ठेवलेला शेरा. तीस शब्द पुरतात. शंभर घेऊन बसलात तर दहाव्या दिवशी वही बंद होते. शब्द निवडताना शरीराचे अवयव, नाती, जनावरं, शेती, हवामान इथून घ्या. बाजारातून फिरणाऱ्या वस्तूंची नावं सुरुवातीला टाळा. संत्र्याचंच बघा: फिनिश आप्पेल्सीनि, एस्टोनियन आपेल्सिन, लाटव्हियन आपेल्सीन्स, लिथुआनियन आपेल्सिनास, स्वीडिश आणि रशियनमध्येही तेच. मूळ अर्थ 'चीनचं सफरचंद'. फळ जहाजातून बंदरोबंदरी गेलं, नाव त्याच्यासोबत गेलं. यावरून फिनिक आणि बाल्टिक लोकांच्या जुन्या संबंधाबद्दल काहीही कळत नाही.

शब्दकोश घरबसल्या मिळतात. तालिनच्या एस्टोनियन भाषा संस्थेचा व्युत्पत्तिकोश इंटरनेटवर मोफत आहे, फिनिशचाही आहे, आणि विक्शनरी पहिल्या चाळणीला चालते. ब्राउझरचं आपोआप भाषांतर लावलं की ते मूळ शब्दाचंही भाषांतर करून टाकतं आणि समोर नुसतं 'दात, दात, दात' दिसतं. म्हणून एकच पान दोन टॅबमध्ये उघडा, एक मूळ आणि एक भाषांतरित.

तक्ता मूळ रोमन लिपीतच भरा, सगळ्या खुणांसकट. इथे देवनागरीत लिहिताना 'झ़' हे चिन्ह 'टेलिव्हिजन'मधल्या उच्चारासाठी वापरलंय आणि 'ज़' हे 'जहाज'मधल्या ज साठी. हा फरक गाळला तर पुढचं सगळं गणित कोसळतं, कारण अर्धा पुरावा याच दोन ध्वनींत आहे. एक्सेलमधून सीएसव्ही फाइल काढताना यूटीएफ-८ निवडा, नाहीतर महिन्याभराने उघडल्यावर नेमक्या या अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं आलेली असतात.

षष्ठीचा रकाना कशाला

फिनिशमध्ये नामाचं साधं रूप पुष्कळदा पुरावा लपवतं. दाताला फिनिश शब्द 'हाम्मास'. लिथुआनियन 'झ़ांबास' म्हणजे धार, कड, आणि लाटव्हियन 'ज़ुओब्स' म्हणजे दात. हाम्मास आणि झ़ांबास शेजारी ठेवले तर 'म्म' आणि 'म्ब' जुळत नाहीत असं वाटतं. षष्ठी पाहा: 'हाम्पान'. 'प' बाहेर आला. जुन्या फिनिकमध्ये शब्दाच्या आत घोष ब नव्हता, म्हणून बाल्टिक 'ब'चा 'प' झाला. मग अक्षर बंद, म्हणजे व्यंजनावर संपणारं, असेल तिथे व्यंजन सैल करण्याच्या फिनिश नियमाने 'म्प'चा 'म्म' झाला. कोश फक्त पहिलं रूप देतो आणि नवशिक्या तिथेच चांगला शब्द खोडून टाकतो. मराठीत 'दात' पाहून भागत नाही, 'दातात', 'दाताला' म्हणताना मूळ अंग दिसतं, तसंच हे.

शेवटचा 'आस'ही पाहून ठेवा. लिथुआनियनमध्ये तो पुल्लिंगी प्रथमेचा प्रत्यय आहे, संस्कृतच्या 'अस्'चा भाऊ. फिनिशमध्ये लिंगभेदच नाही, तिथे तो प्रत्यय म्हणून काही कामाचा नाही. शब्दाबरोबर चिकटून आला आणि राहिला. हाम्मास, रातास (चाक), ही त्याचीच उदाहरणं. दुसऱ्याच्या घरची किल्ली आपल्या खिशात सापडावी, तसा हा पुरावा आहे.

एका जोडीवर नियम मांडू नका

खरं काम इथे सुरू होतं. शब्द एकसारखे दिसणं महत्त्वाचं नाही, फरक ठरावीक असणं महत्त्वाचं. पुढच्या जोड्या एकाखाली एक लिहा, आधी फिनिश, मग लिथुआनियन, मग लाटव्हियन:

हेइनॅ, शिएनास, सिएन्स: वाळलेलं गवत
हाल्ला, शाल्ना, साल्ना: दहिवर, पिकावर पडणारं गोठलेलं दव
हेर्ने, झ़िर्निस, ज़िर्निस: वाटाणा
हान्हि, झ़ासिस, ज़ुओस: कलहंस
हाम्मास, झ़ांबास, ज़ुओब्स: दात, कड

लिथुआनियनमध्ये जिथे 'श' किंवा 'झ़', तिथे फिनिशमध्ये 'ह'. पाचही वेळा. जुन्या फिनिकमध्ये 'झ़' नव्हता, दोन्ही ध्वनी 'श' म्हणून घेतले गेले आणि नंतर त्या 'श'चा सरसकट 'ह' झाला. निदान तीन-चार जोड्यांत तोच फरक दिसल्याशिवाय शेऱ्यात 'नियम' हा शब्द लिहायचा नाही. एकाच जोडीत दिसला तर तो योगायोग धरून पुढे चला.

याच पाच ओळींतून आणखी एक गोष्ट निघते, आणि तीच बहुतेकांच्या नजरेतून सुटते. नकाशात एस्टोनियाला लागून लाटव्हिया आहे, लिथुआनिया त्याच्याही पलीकडे. पण लाटव्हियनमध्ये जुन्या 'श'चा 'स' आणि 'झ़'चा 'ज़' झालेला आहे. 'सिएन्स'वरून शब्द घेतला असता तर फिनिशमध्ये 'ह' नाही, 'स' आला असता. म्हणजे हे शब्द आजच्या लाटव्हियनकडून आलेले नाहीत. लाटव्हियन ही वेगळी भाषा होण्याआधीच्या कुठल्या तरी जुन्या बाल्टिक बोलीतून आलेत. शेजार ठरवताना आजचा नकाशा भिंतीवरून काढून ठेवा.

आता हंस. लिथुआनियन 'झ़ासिस' लिहिताना त्यातल्या 'आ'च्या अक्षराला खाली एक शेपूट काढतात. ती जुन्या अनुनासिकाची खूण. उच्चारातून तो गेला, लिपीत राहिला. फिनिश 'हान्हि'ने मात्र तो 'न' धडधडीत जपलाय. संस्कृत 'हंस'मध्ये अनुस्वार आहेच. मग मराठी माणसाला 'ह'ला 'ह' जुळल्याचा आनंद होतो, आणि तोच फसवा आहे. संस्कृतमधला 'ह' इंडो-युरोपीय मूळ ध्वनीतून भारताच्या बाजूला झाला. फिनिशमधला पहिला 'ह' बाल्टिक 'झ़'वरून, 'श'च्या वाटेने, शेकडो वर्षांनी आणि हजारो किलोमीटर दूर झाला. नातं खरं आहे, अक्षराची जुळणी योगायोग आहे. तक्त्यात या दोन गोष्टी वेगळ्या शेऱ्यांत लिहा.

दुसरा नियम स्वतः काढून पाहा: हाल्ला–शाल्ना, विल्ला–विल्ना (लोकर). 'ल्न'चा 'ल्ल'. तिसरा: 'सिल्ता' म्हणजे पूल, लिथुआनियन 'तिल्तास'. फिनिशमध्ये एके काळी 'ति'चा 'सि' झाला. याचा घरचाच पुरावा म्हणजे 'वेसि' (पाणी), षष्ठी 'वेदेन'. हा बदल तारखेसारखा वापरता येतो. विटेला फिनिशमध्ये 'तीलि' म्हणतात, तो स्वीडिशकडून उशिरा आला, म्हणून त्याचा 'ति' तसाच राहिला. सिल्ता आधीचा, तीलि नंतरचा. सनावळी न बघता ठरलं.

देणारा कोण, घेणारा कोण

शब्द दोघांकडे आहे एवढं कळलं, तरी हिशोब अर्धाच झाला. दिशा ठरवायला प्रत्येक बाजूच्या लांबच्या नातेवाइकांकडे चौकशी करायची. लाटव्हियनमध्ये मुलाला 'पुइका' म्हणतात, फिनिशमध्ये 'पोइका'. लिथुआनियनमध्ये या शब्दाचा मागमूस नाही. उलट हंगेरियनमध्ये मुलगा म्हणजे 'फिऊ', आणि फिनिक 'प'समोर हंगेरियन 'फ' हा नेहमीचाच हिशोब आहे. शब्द उरालिक घरचा, लाटव्हियन उसनवार. (नागपूरचा 'पोट्टा' इथे आणू नका. मोह होतो, पण 'प' सोडून काहीही जुळत नाही.)

दाताच्या बाबतीत उलट. हंगेरियनमध्ये दात म्हणजे 'फोग'. त्याचा फिनिश भाऊ 'पी' अजून जिवंत आहे, पण तो आता दंताळ्याचा किंवा कंगव्याचा दात. माणसाच्या तोंडातली जागा बाहेरून आलेल्या 'हाम्मास'ने घेतली आणि घरचा शब्द अवजारात जाऊन बसला. असा बाजूला सारलेला जुना शब्द सापडला की दिशेबद्दल शंका उरत नाही, म्हणून प्रत्येक संशयित शब्दासाठी 'याच्या आधी काय म्हणत असतील?' हा प्रश्न विचाराच.

दात, मान (काउला, लिथुआनियन काक्लास), मुलगी (त्युतॅर, लिथुआनियन षष्ठी दुक्तेर्स, आपलं दुहिता), बहीण (सिसार, आपलं स्वसा): असे शब्द बाजारातल्या ओळखीने बदलत नाहीत. एका घरात दोन भाषा नांदल्या, सुना आल्या, मुलं दोन्ही बोलली, तेव्हा ते बदलतात. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ विल्हेल्म थॉमसेन यांनी 1890 मध्ये फिनिक-बाल्टिक संबंधांवर ग्रंथ काढला, तेव्हापासून हे शब्द चाळले जातायत. खात्रीने टिकलेले दोनशेच्या आसपास आहेत.

लाटव्हियनकडे गेलेल्या शब्दांत लिव्होनियन तपासायला विसरू नका. लाटव्हियाच्या किनाऱ्यावरच्या या फिनिक भाषेच्या शेवटच्या मातृभाषिक ग्रिज़ेल्दा क्रिस्तिञा 2013 मध्ये कॅनडात वारल्या. लाटव्हियन 'वायाग' (पाहिजे, गरज आहे) एस्टोनियन 'वाया'शी ताडला तर शेवटचा 'ग' उपरा वाटतो. लिव्होनियन रूप 'वायाग'च आहे. शब्द कुणाच्या दारातून आला हे त्या एका 'ग'ने सांगितलं.

तीन ठिकाणी हमखास पाय घसरतो

पहिलं, तिसरा माणूस. तासाला लाटव्हियनमध्ये 'स्तुन्दा', एस्टोनियनमध्ये 'तुन्द'. यांनी एकमेकांकडून घेतलेला नाही. दोघांनी लो जर्मनकडून, म्हणजे उत्तर जर्मनीतल्या भाषेकडून घेतला. 1201 मध्ये लाटव्हियातलं रिगा शहर वसलं, जर्मन व्यापारी आणि जमीनदार आले आणि त्यांच्याबरोबर असे शब्दही. लिथुआनियनमध्ये तास म्हणजे 'वालान्दा', म्हणजे तिकडे हा शब्द पोचलाच नाही. एस्टोनियनने सुरुवातीचा 'स' का गाळला? जुन्या फिनिक शब्दांना सुरुवातीचं जोडाक्षर सोसत नाही. फिनिशने स्वीडिश 'स्कोला'चं 'कोउलु' केलं आणि 'स्तोल'चं 'तुओलि' (खुर्ची). इतवारीतल्या जुन्या माणसाच्या तोंडी स्टेशनचं 'टेसन' होतं, त्याच जातीचा प्रकार. म्हणून शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षर गायब असेल तर घेणारा कोण ते कळलं. देणारा मात्र अजून शोधायचाय.

दुसरं, संस्कृत पाहून उडी मारणं. फिनिश 'साता' म्हणजे शंभर. लिथुआनियन 'शिम्तास'. साता बाल्टिककडून आला असता तर त्यात 'म' दिसला असता आणि सुरुवातीला 'ह'. दोन्ही नाहीत. संस्कृत 'शत'मध्येही अनुनासिक नाही, कारण भारत-इराणी शाखेत त्याचा 'अ' झाला. म्हणून 'साता' आणि 'वासारा' (हातोडा, आपलं वज्र) हे शब्द वेगळ्या, भारत-इराणी थरातले, गवताळ प्रदेशातल्या संपर्कातून आलेले. आता 'रातास' घ्या. आपला 'रथ' आठवतोच. पण फिनिशमध्ये आणि लिथुआनियनमध्ये अर्थ 'चाक' आहे, रूपही जवळपास एकच आहे, तेव्हा पारडं बाल्टिककडे झुकतं. 'ताइवास' (आकाश) मात्र दोन्ही बाजूंनी ओढला जातो: लिथुआनियन 'दिएवास'चं (देव) जुनं रूप की भारत-इराणी 'दैव', दोन्हीकडे अभ्यासक उभे आहेत. शेऱ्यात 'अनिर्णित' लिहून सोडा. तीस शब्दांत असे चार-पाच राहिले तर तक्ता प्रामाणिक आहे. एकही राहिला नाही तर कुठेतरी जबरदस्ती झालीय.

तिसरं, वाक्याचा साचा. 'मला दोन बहिणी आहेत' हे लाटव्हियनमध्ये 'मान इर...', एस्टोनियनमध्ये 'मुल ओन...', म्हणजे 'मला आहे', 'माझ्यापाशी आहे'. लिथुआनियन मात्र 'आश तुरिउ' म्हणतं, 'मी बाळगतो' अशा थाटात. लाटव्हियन इथे फिनिक शेजाऱ्यांबरोबर बसते, आणि पहिल्या अक्षरावरचा ठरावीक आघातही तिचा त्यांच्यासारखाच. लिथुआनियनचा आघात शब्दागणिक हलतो. पण मराठीही 'मला आहेत' म्हणतेच, आणि मराठीला लिव्होनियन कधी भेटलेली नाही. हा साचा जगभर सापडतो. ऐकीव बातमी सांगायला एस्टोनियन 'तुलेवात', लाटव्हियन 'नाकोत', आणि आपण 'येणार म्हणे', तेही तसंच. साच्याचं साम्य एकट्याने पुरावा होत नाही. एकाच भागात तीन-चार साचे आणि शब्दांचे गठ्ठे बरोबर आले, आणि त्याच कुळातल्या दूरच्या बहिणीकडे ते नसले, तरच ते मोजायचं.

आता नागपूरवर चालवा

तोच तक्ता, रकाने बदला: नागपुरी बोली, पुण्याकडची मराठी, हिंदी, गोंडी, संस्कृत, आणि शेरा.

'आलू' घ्या. पुण्यात बटाटा, तो पोर्तुगीजांकडून कोकणपट्टीतून वर आलेला. नागपूरच्या भाजीबाजारात आलू, हिंदीसारखा. नागपूर 1956 पर्यंत हिंदी जिल्ह्यांबरोबर एकाच प्रांतात होतं, त्याची राजधानी होतं. व्यवहाराचं तोंड किनाऱ्याकडे नव्हतं. 'सांबार' मात्र जपून. इथे सांबार म्हणजे कोथिंबीर, सांबारवडीतला. तुरीच्या डाळीच्या दाक्षिणात्य सांबाराशी नाव जुळलं म्हणून एकाकडून दुसऱ्याकडे गेल्याचा बाण काढू नका. एकाच रूपाचे दोन अर्थ दिसले की आधी दोन ओळी करायच्या आणि प्रत्येकीचा पुरावा स्वतंत्र गोळा करायचा.

आणि 'पाऊस येऊन राहिला'. यातला प्रत्येक शब्द मराठी आहे. कोशात शोधाल तर उसनं काहीच सापडणार नाही. पण पुणे-साताऱ्याकडे चालू क्रियेसाठी हा साचा नाही, तिथे 'येतोय'; हिंदी 'आ रहा है' मात्र तंतोतंत. ओतलेला माल घरचा, साचा शेजारचा. असे प्रयोग टिपायला शब्दांची यादी उपयोगाची नाही, पूर्ण वाक्यं लागतात: बोलणारा अंदाजे किती वर्षांचा, घरी कुठली भाषा, कुठल्या मोहल्ल्यात ऐकलं. 'राहिला' ऐकू आलं की 'रायला', हेही तसंच टिपा, सुधारून लिहू नका. दर साच्यासाठी निदान दहा वाक्यं, वेगवेगळ्या तोंडची. एकाच पानठेल्यावर दहाही मिळाली तर ती एकच मोजा.